पंधरावी बकरी

(जालन्यातलं खेळण्यांचं दुकान. १९९९, धोंड्याचा महिना.)

बद्रीनाथ : अन् ह्या दुसऱ्या खेळात कोण कोणाला खातं?

अप्पाराव : ‘शिवार’मधी? कापसाला अळी खाती, दादा. पेरा करा, पाऊस धरा, अळी आवरा. न्हाई तर हा ‘वाघ-बकरी’ घ्या, बिलकुल आपल्याकडचा. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघ कोंडायचे.

बद्रीनाथ : ते ठावं हाय. बकऱ्या कशाच्या हायेत?

अप्पाराव : प्लास्टिकच्या.

बद्रीनाथ : कडक?

बेबीनंदा : दात लावून पाहा की.

बद्रीनाथ : दुकानात नको, बेबी.

अप्पाराव : काय झालं, ताई?

बेबीनंदा : मागच्या धोंड्याला हे माझ्या माहेरी, वाटूरला जेवायला आल्ते. जेवणं झाल्यावर आईसंग वाघ-बकरी मांडली. खडूनं पट आखला, शेंगदाण्याच्या बकऱ्या. वाघ यांचे. आईनं तिन्ही वाघ कोंडले अन् पाणी प्यायला वळली. तेवढ्यात एक बकरी गायब.

बद्रीनाथ : हात आपोआप गेल्ता.

अप्पाराव : मंग काय झालं? वाघानं बकरी खाल्ली. नियमात बसतं.

बद्रीनाथ : उडी न मारता?

अप्पाराव : हां. ते न्हाई बसत.

बेबीनंदा : सगळं घर बकरी हुडकू लागलं. माझा भाऊ धर्मराज बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरला. हे बी हुडकत होते. तोंड मिटून.

अप्पाराव : चावली न्हाई?

बद्रीनाथ : आवाज झाला असता.

बेबीनंदा : शेवटी आईनं मांजराच्या पाठीत दोन घातल्या.

बद्रीनाथ : त्या मांजरानं माझ्याकडं पाह्यलं, अप्पाराव. तीन वर्षं झाली, वाटूरची पायरी चढलो न्हाई. दर दिवाळीला मिलमधी डबल ड्यूटी सांगतो. आता आज पुन्हा धोंड्याचं बोलावणं. सासूबाई पट मांडणारच. तुम्ही ‘शिवार’ बांधा. त्यात बकरीच न्हाई.

बेबीनंदा : जन्मभर कापूस निंदलेली बाई संध्याकाळी पुठ्ठ्यावरचा कापूस निंदंल?

बद्रीनाथ : मंग ‘वाघ-बकरी’. प्लास्टिकची गिळवत न्हाई, तेवढीच हमी.

बेबीनंदा : आईनं पाह्यलं होतं.

बद्रीनाथ : काय?

बेबीनंदा : पाणी पिताना. घासलेला तांब्या होता. त्यात तुमचा गाल फुगलेला दिसला.

बद्रीनाथ : मंग मांजराला कामून मारलं?

बेबीनंदा : जावयाला मारायची रीत न्हाई.

अप्पाराव : बराबर हाय.

बेबीनंदा : सकाळीच धर्मराजचा फोन आल्ता. आई म्हणती, खेळ-बिळ आणू नका. बकऱ्यांसाठी पंधरा दाणे काढून ठेवलेत. सोळावा भाजलाय, वेगळ्या वाटीत. तुमच्यासाठी.

अप्पाराव : दादा, मंग दोन्हीतला कोणता बांधू?

बद्रीनाथ : दोन्ही राहू द्या. मांजरासाठी एखादा चेंडू हाय का, मऊ?