पणजोबांच्या खुनाचा तपास

राळेगावच्या बसस्टँडवर माझ्या शेजारच्या बाकावर एक देशमुख जोडपं शंभर वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास करत बसलं होतं.

“विमल, पणजोबाच्या खुनाचा छडा लागल्याबिगर हा देशमुख पाण्याचा थेंब घेणार नाही!”

“आत्ता तं उसाचा रस पेले. दोन गिलास.”

“रस वेगळा. पणजोबा गावंड्याच्या ओसरीवर जेवता जेवता मेले. विष त्यायनंच घातलं. त्याच घरात पोरगी द्याची?”

“पोरीनं नयन गावंडे पसंत केला, म्हणून तं गावोगावच्या म्हाताऱ्यायले विचारून राह्यलो न आपण? मले सांगा, तवाचे देशमुख दुसऱ्याच्या घरचं खात होते काय?”

“छट्! कुठंबी गेले तरी घरचीच शिदोरी सोडून खात.”

“गावंड्याच्या ओसरीवरबी?”

“...तिथंबी.”

“शिदोरी कोण बांधे?”

“पणजी. दुसऱ्याच्या हातची चालेच ना त्यायले.”

“अन् पणजोबा दुसरं लगन करून राह्यलते, हे आज तुमच्याच आत्यानं सांगतलं.”

“हळू बोल. लोक ऐकून राह्यले.”

“मंग पोरीले हो कळवू?”

“कळव. अन् विमल, घरी गेल्यावर पणजीचा फोटो तेवढा जेवणाच्या खोलीतून हलव.”