साक्षीचा खांब

खड्डा कमी खणलेला नाही, असं मी घसा कोरडा करून सांगत होते, पण माझ्या सख्ख्या नवऱ्यालासुद्धा पटेना. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं तलावाच्या कामावर होतो. खणताना प्रत्येकाच्या खड्ड्यात मधोमध मातीचा एक खांब वरच्या गवतासकट तसाच राखायचा. आधी जमीन कुठवर होती, त्याची ती साक्ष. खोली मोजायची ती त्याच्या माथ्यापासून.

गेनू मुकादमानं टेप लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मीटरला तीन बोटं कमी हाय. बाई, कामचुकारपणा चालायचा न्हाई."

मी म्हणलं, "शेजारच्या सखूबाईचा न् माझा तळ एकसारखा हाय. तिचा मीटर भरला, माझा कसा भरंना?"

"टेप खोटं बोलतो व्हय?"

"टेप खरा हाय. पन तो धरलाय कशावर ते बघा. तिच्या खांबावर गवत हाय, माझ्या खांबावरचं कुठं गेलं?"

मोजणी तपासायला आलेले ओव्हरसियर साहेब वाकून बघायला लागले. माथा घासून गुळगुळीत झालेला.

मी म्हणलं, "ह्याच्यावर रोज तंबाखू मळीत कोन बसतंय, विचारा की!"

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. साहेबांनी मुकादमाला पाठमोरं उभं केलं. पांढऱ्या लेंग्याच्या बुडाला तांबडा मुरूम आणि गवताच्या काड्या.

मग साहेबांनी सखूबाईच्या खांबावरून माझा खड्डा मोजला. मीटर भरून वर बोटभर जास्तच!

"आता बोला, साक्षीदार कुणी मारला?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या आधी माझा नवराच ओरडला, "गेनू मुकादम!"