आधी ‘नाही’ म्हणून दाखवा

नमस्कार. प्रधानसाहेब, केतकी, आणि इथे जमलेले आपण सगळे. शुक्रवारची एकच सुट्टी, बाहेर हे ऊन, तरी तुम्ही आलात. काही जण तर अबुधाबीहून आलात. शालिनीताई गेल्या; त्यांच्याबद्दल मी बोलावं, असं तुम्ही घरच्यांनी ठरवलं. मी बोलणारी बाई नाही. शिवाय दमलेय. हॉस्पिटलच्या फेऱ्यांनी आपण सगळेच दमलोय. अडखळले तर सांभाळून घ्या.

ताई शारजात एका वकिलाच्या ऑफिसात नोकरदारांच्या तक्रारी लिहायच्या. नागपूरला वकिली केलेली बाई, पण इथल्या कोर्टात उभं राहता येत नव्हतं. त्या इंग्रजीत लिहायच्या, ऑफिसातले सुदानी अनुवादक ते अरबीत करायचे, आणि कोर्टात अरबी वकील उभे राहायचे. ताई कोर्टाची पायरीसुद्धा चढायच्या नाहीत.

मी त्यांच्याकडे गेले ती अठ्ठ्याण्णवच्या सुमारास. हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात मी लॅब सुपरवायझर होते. बाळंतपणाची रजा संपवून परत गेले, तर माझ्या खुर्चीत दुसराच माणूस. मला म्हणाले, रीऑर्गनायझेशन झालंय, तुम्ही पॅकिंगमध्ये बसा. मी नाही म्हटलं. तर काढूनच टाकलं, आणि कारण काय दिलं? ‘कामास अयोग्य’. हे दोन शब्द पाठीमागे असले की दुसरीकडे कोण उभं करणार? मला ते दोन शब्द पुसून हवे होते. बाकी काही नको होतं.

पहिला अर्ज मी स्वतःच लिहिला. आपण अर्ज कसा लिहितो? आधी आभार. कंपनीने मला मुलीसारखं वागवलं. कंपनीचे माझ्यावर फार उपकार आहेत. मग अगदी शेवटी, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा. कंपनीच्या वकिलाने कोर्टात तोच अर्ज वाचून दाखवला. म्हणाला, बाईंची तक्रार आहेच कुठे? अर्ज तिथल्या तिथे निकालात.

ताईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “अगं, ही तक्रार आहे की सत्कार?”

मला रडूच आलं. केतकी तेव्हा लहान, शाळेतून परस्पर आईच्या ऑफिसात यायची. ती मान वर न करता म्हणाली, “ममा, आंटी इज क्रायिंग अगेन.”

“टिश्यू दे तिला. आणि होमवर्क कर.”

केतकी, आठवतंय?

मग ताईंनी मला बसवलं. “अन्याय झाला असं लिहायचं नाही. ते जज ठरवेल. कोण बोललं, कुठे बोललं, नेमकं काय बोललं, ते सांग. आणि तुझ्यासारखी लांब रजा आणखी कुणी घेतली होती का? त्याचं काय झालं?”

घेतली होती. सुनील घाग यांनी. मिक्सिंगचे सुपरवायझर. ऑपरेशनसाठी चिपळूणला गेले, माझ्यापेक्षा जास्त दिवस राहिले. परत आले तेव्हा त्यांची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवलेली.

ताईंनी पेन खाली ठेवलं. “हे नाव घातलं तर अर्ज उभा राहील. नाही घातलं तर पुन्हा पहिल्याच दिवशी बाहेर. आणि घातलं तर त्या माणसाचं काय होईल, कळतंय ना तुला?”

कळत होतं. त्यांचा व्हिसा कंपनीच्या हातात. तरी मी म्हटलं, “पण ताई, खरंच तर आहे सगळं.”

“खरं आहे. पण नोकरी त्याची आहे. त्याला घेऊन ये.”

सुनीलभाऊ आले. ताईंनी चहा मागवला आणि म्हणाल्या, “आधी मला ‘नाही’ म्हणून दाखवा.”

“काय नाही?”

“नाव देणार नाही, असं म्हणा. मोठ्यानं.”

“मॅडम समोर बसल्यात, ताई. तोंडावर कसं म्हणू?”

“ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’वर मी तक्रार लिहीत नाही.” आणि माझ्याकडे वळून, “यल्ला, चल, तू बाहेर बस.”

मी बाहेर बसले. आतून आवाज आला, “नाही देणार.” मग पुन्हा, जरा मोठा, “नाही.” शेवटी ताईंनी मला आत बोलावलं. दोनदा ‘नाही’ म्हणून झाल्यावर त्यांनी आपणहून ‘हो’ म्हटलं होतं; नाव लिहून झालं होतं.

कंपनीच्या वकिलाने पुन्हा तेच मागितलं, अर्ज काढून टाका. या वेळी जजने ऐकलं नाही. ताईंचा फोन आला, “अर्ज आत घेतला गं.” एवढंच म्हणाल्या. त्या आवाजात आनंद नव्हता. पुढच्या तारखा त्यांना ठाऊक होत्या. आम्ही जिंकलो नाही. तारखांवर तारखा पडल्या, शेवटी कंपनी कंटाळली आणि तडजोड झाली. ते दोन शब्द गेले. खुर्ची काही मिळाली नाही.

आणि सुनीलभाऊंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुढे वाढलं नाही. ते चिपळूणला परत. ताई किती जणांना फोन करत राहिल्या त्यांच्यासाठी! शेवटी अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तिथे ते सुपरवायझर नाहीत.

आजारपणात एकदा ताईंनी विचारलं, “सुनीलशी बोलतेस का?”

“बोलते ना, दिवाळीला फोन करते.”

“दिवाळीचं नाही विचारलं मी.”

मी उशी सारखी करत बसले.

आज सुनीलभाऊ मुसफ्फाहून आलेत. मघाशी बाहेर, चपला काढताना, मी त्यांना विचारलं. ताईंवर राग होता का?

“होता ना. गावाला होतो तेव्हा ताईंना फोनवर नको ते बोललो, मॅडम. त्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाल्या, अजून आहे का काही? मी म्हटलं, आहे. तर म्हणाल्या, बोल.”

“आणि माझ्यावर?”

“तुमच्यावर पण होता. थोडा अजून आहे.”

मंडळी, ताईंच्या कामातून काय आलं, ते हे असं आहे. माझं नाव साफ झालं. एका माणसाची जागा गेली. दोन्हीचं ओझं ताईंनी उचललं, आणि मला वाटतं त्या त्यानेच थकल्या. याहून गोड काही सांगावं, असं मला फार वाटत होतं. पण नाही सांगवत.

हे इथे सगळ्यांसमोर सांगू का, असंही मी सुनीलभाऊंना विचारलं. त्यांनी चपला नीट कडेला लावून ठेवल्या. मग म्हणाले, “सांगा. पण माझं नाव घालून सांगा.”

आता आपण उभे राहू या. शालिनीताईंसाठी, थोडा वेळ, कुणीच काही बोलायला नको.