पट्टी लावून कापलेली गाजरं

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक सुतारकाका आणि त्यांच्या ओळखीचे शिंपीमास्तर बसले होते.

"मास्तर, तुम्ही व्हा पुढं. मला घाई नाही."

"आधीच दोघांना पुढं सोडलंत की. होतंय काय?"

"पोट. रविवारी घरात सूपची स्पर्धा घेतली. कल्पना माझीच, हौस दांडगी ना! पाच जणांच्या पाच वाट्या, नाव बुडाला चिकटवलेलं. चाखायचं, मार्क द्यायचे, वर शेरा लिहायचा."

"मग?"

"एका वाटीला मी शून्य दिलं. शेरा लिहिला, 'याला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देऊ नका.' वाटी उचलून बुड बघितलं, तर माझंच नाव!"

"अरे देवा!"

"शेवटच्या नंबरानं आपलं पातेलं एकट्यानं संपवायचं, हा नियमही माझाच."

"सगळ्यांनीच शून्य दिलं?"

"नाही. बायकोनं दहापैकी दहा दिले."

"त्यांना आवडलं?"

"कसलं आवडतंय! गाजराचे तुकडे पट्टी लावून कापल्यासारखे होते, म्हणून लगेच ओळखलं म्हणाली."

"आणि तुम्ही वहिनींना किती दिले?"

"दोन."

"शेरा?"

"'कुणीतरी नवशिकं दिसतंय. सराव हवा.'"

"लग्नाला किती वर्षं झाली, काका?"

"एकतीस."

"...जा, आता तरी आत जा. पोट दाखवून घ्या."

"पोट कालच बरं झालंय हो. घरी जायची घाई नाही, तुम्ही व्हा पुढं."