माक्याचा कच्चा रस

माझं माहेर वैरागकडचं, दिलं मंगळवेढ्याच्या रानात, कोरडवाहू ज्वारीच्या गावात. घरात शेरडं, आणि सासूबाईंकडं काविळीचं औषध. माक्याचा पाला वाटायचा, फडक्यातनं रस गाळायचा, रविवारी आणि बुधवारी उपाशीपोटी पेलाभर पाजायचा, पैसा घ्यायचा न्हाय, आणि पाजून झालं की डोक्यावर हात ठेवून बरी हो म्हणायचं. एक अट होती, रसाला विस्तव दाखवायचा न्हाय, उकळला की गुण गेला. सासूबाई गेल्यावर ते माझ्याकडं आलं. माळशिरसवरनं एस्टीनं माणसं यायची, तुमच्या हाताला गुण हाय म्हणायची, काय सांगू तुम्हाला, मला पण ते खरं वाटायचं.

आधी माका विहिरीपाशी मिळायचा, दोन मुठी, तेवढाच. मग कालव्याला पाणी आलं. सगळं गाव ज्याची वाट बघत होतं ते पाणी आलं, आणि त्याच्या कडंनं माका गुडघ्याएवढा वाढला. शेरडं तितंच पाणी प्यायची, म्हशी तितंच बसायच्या, पाल्यावर बारक्या गोगलगायी असायच्या, त्या मी झटकून टाकायची, पाला दोन पाण्यानं धुवायची. स्वच्छच करायची की मी.

माझी लेक शोभा, एकुलती एक, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात शिवायला होती. पंचमीला आली तर पित्तानं डोकं दुखतंय म्हणाली, मी चार सकाळी रस दिला. तोंड वाकडं करून प्यायची, म्हणायची आय, हा तुझ्या जावयाला पाज, लई कडू बोलत्यात, कडूनं कडू उतरंल. दिवाळीच्या सुमाराला तिला ताप यायला लागला, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. मी परत पाजला. उन्हाळ्यात डोळे पिवळे झाले, मग तर माझ्याकडं आणून सात दिवस पाजला, रोज ताजा.

जावयांनी ऐकलं न्हाय, सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. पित्ताच्या नळीत खडा असंल म्हणून तोंडातनं दुर्बीण घातली, तर खडा न्हवता. डॉक्टरांनी बाटली दाखवली, आत पानासारखा चपटा जंत, जिता. मी बघितलं आणि ओळखलं. आमी बकरं कापायचो तवा काळजात असले निघायचे, तेवढा भाग काढून टाकायचो. डॉक्टर म्हणाले हा लिव्हर फ्लूक, जनावरांचा जंत, गोगलगायीतनं पाण्यात येतो, पाण्याकडंच्या पाल्याला चिकटतो, डोळ्याला दिसत न्हाय, धुतल्यानं जात न्हाय, उकळल्यावर मरतो. कच्चा पाला काय खाल्लाय का हिनं? मी सांगितलं, मीच पाजलाय. मग विचारलं, उकळल्यावर मरतो? हो मावशी, म्हणाले. मी आणखी एकदा विचारलं.

जंत काढले, गोळ्या दिल्या, पण लिव्हरमध्ये पू झाला होता, तो रक्तात गेला होता. हे रसानं झालं, हे शोभाला आमी कुणी सांगितलं न्हाय. ती म्हणाली आय, हितल्या औषधानं उतार न्हाय, तू तुझा रस आण. मी आणते म्हणाले. बाहेर गेले, पेल्यात नुसतं उकळून कोमट केलेलं पाणी घेतलं आणि तिला पाजलं. डोळे मिटलेलेच होते. प्याली आणि म्हणाली, आय, आज कडू न्हाय लागला. मी म्हणाले, गूळ घातलाय. तिसऱ्या दिवशी गेली.

तुमचा काय दोष, तुम्हाला माहीत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. व्हय, न्हवतं माहीत. पण ज्यांनी रस घेतलाय त्यांना तपासायला पाठवा म्हणाले, म्हणून मालक आणि मी घरोघर हिंडलो. मालकांनी पण रस घेतलेला, त्यांच्या पोटात पण जंत निघाला, ते गोळ्यांनी बरे झाले. एक म्हातारी म्हणाली, काल देवी होतीस, आज डाक्टरची एजंट झालीस व्हय. मी ऐकून घेतलं. कुणाकुणाला पाजला ते सगळं आठवत न्हाय, हेच खातं मला.

अजून माणसं येत्यात. परवा एक बाई पिवळ्या डोळ्यांची सून घेऊन आली, आमच्या सासूला तुमच्याच हातानं गुण आला होता म्हणाली. मी दोघींना बसवलं, शोभाचं सगळं सांगितलं, चहा दिला, सोलापूरच्या एस्टीपर्यंत सोडायला गेले. बसताना सून माझ्याम्होरं वाकली, सवयीनं हात वर आला, तो मी मागं घेतला. खाली उभी राहून लांबनंच म्हणाले, बरी हो बाई.