चंद्री शेळीचं बाळंतपण

हसू नका, पर मी एकदा शेळीवर जळले हुते. आमचं गाव दुधनीजवळ. त्या मोठ्या दुष्काळातनं आमची एकच शेळी वाचली, चंद्री. दुसऱ्या वर्षी ती गाभण राहिली आन ऐन वेळी अडली. आमचं मालक रानातलं काम टाकून सकाळपासनं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलं.

"सोस गं माझी बाय, थोडंच ऱ्हायलंय."

माझी तीन बाळंतपणं माहेरी झाली. तिन्ही वेळा हे बाराव्या दिवशी आलं, पाळण्यात डोकावलं, जेवलं आन परत गेलं. 'माझी बाय' मी त्यांच्या तोंडून पयल्यांदा ऐकलं, ते बी शेळीसाठी!

करडाचा एकच पाय भाईर आलेला, दुसरा आत दुमडलेला. मालकाचा पंजा मोठा, आत जाईना. मग मीच हाताला गोडंतेल लावलं, पाय सरळ केला आन कळ आली तसं करडू हळूच ओढलं. ते गपगार पडलं. त्याचं नाकतोंड पुसून मी कानात फुकलं, तवा कुटं ते ओरडलं.

"शाब्बास!" मालक म्हणलं.

मी लाजून वर बघितलं, तर ते चंद्रीची पाठ थोपटत हुतं. "लई सोसलंस गं!"

मग स्वतः चुलीपुढं बसून त्यांनी बाजरी शिजवली, गूळ घातला आन ताट तिच्यापुढं ठेवलं. मी हात धुतलं, ताट उचललं आन त्यांच्यासमोर बसून खायाला लागले.

"अगं, ते शेळीचं हाय की!"

"व्हय," मी म्हणलं. "पर तिनं एकदा सोसलंय. मी तीनदा."