परातीची चकती

हसू नका, पण जपानी तलवारीचा विषय निघाला की माझी मान अजून खाली जाते. आमच्या तालमीच्या वस्तादांनी कुठंतरी तिचं चित्र बघितलं आणि तसल्या लाकडी तलवारी सुताराकडून करून घेतल्या. पण मुठीपुढं बोटं वाचवायला चकती नव्हती, त्यामुळं रोज कुणाची तरी बोटं ठेचायची. नवं पितळ काही परवडत नव्हतं. तांबट म्हणाला, "माज्याकडं मोडीत आलेल्या पितळी पराती हायती की. त्यातनं कापून देतो स्वस्तात."

चकत्या आल्या, तर परातींवर कोरलेली नावं तशीच! मी गण्याची चकती ओढून मोठ्यानं वाचली, "चि. काशीस, मामाकडून." आणि वर म्हणालो, "बघा रं, मामानं दिलेली परात मोडून खाल्ली हिनं! लाज कशी वाटली न्हाय?"

सगळे लई हसले. मला आणखी चेव आला. मी माझी चकती उलटी केली. तिच्यावर होतं, 'चि. गोदावरीस, दुधनीहून आजोबांकडून.' माझ्या आईचं नाव, तिचंच माहेर.

"वाच की!" गण्या म्हणाला.

"अक्षरं पुसल्यात," मी म्हणालो.

घरी आई डब्याच्या पत्र्याच्या झाकणात पीठ मळत होती.

"आई, तुजी परात कुटं हाय?"

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "तालमीत जातोस म्हणून रोज शेरभर दूध पितोस की रं. ते तुज्या बापाच्या गिरणीच्या पगारात बसतंय व्हय?"